दारातून पाहिलेला पिक्चर

आबा,

तुमचा पिक्चर पुन्हा काढलाय. नावाड्याच्या मुलीचा, नऊ गाण्यांचा, दर उन्हाळ्यात पंधरा दिवस मॅटिनीला लागायचा तो. नवी नटी आहे, नऊतली पाचच गाणी ठेवलीत आणि शेवट बदललाय. हे तुम्हाला कळवावं म्हणून लिहायला बसले, असं म्हटलं तर बरं दिसेल. पण मी बसलेय ती डॉक्टरांच्या मुलीमुळं. तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं होतील, मला सून आली, जिना चढताना गुडघे बोलायला लागले, आणि तरी त्या मुलीचा आवाज कानावर पडला की दहा वर्षांची असताना यायची तशीच कळ पोटात येते. मत्सर हा शब्द मी नंतर शाळेत शिकले. कळ त्याच्या आधीची आहे.

आवाज कानावर पडला तो असा. आमची रोपवाटिका तुम्ही पाहिलेली नाही. पळसदेवच्या अलीकडं, हमरस्त्यापासून थोडं आत, शेडनेटखाली आम्ही टोमॅटो, मिरची, कलिंगडाची रोपं तयार करून शेतकऱ्यांना देतो. सकाळी सात-आठ बायका येतात, ट्रे भरतात, एकेका खळग्यात एकेक बी टाकत जातात. हात गुंतलेले आणि कान मोकळे, म्हणून सून मधोमध फोन लावून ठेवते. त्या दिवशी तिनं एक व्हिडिओ लावला. नवा पिक्चर यायचा होता, जो तो त्यावर बोलत होता, त्यातलीच एक बाई. शुद्ध आणि सावकाश बोलत होती, प्रत्येक शब्द पुसून ठेवल्यासारखा. "गाणं चांगलं की वाईट हे पडद्याकडे बघून कळत नाही," ती म्हणाली, "दाराकडे बघून कळतं. ज्या गाण्याला माणसं विडी ओढायला बाहेर जातात ते कापलं तरी चालेल. ज्या गाण्याला बाहेर गेलेली माणसं पळत आत येतात त्याला हात लावायचा नाही. हे मला बारामतीच्या एका थिएटरमधल्या डोअरकीपर काकांनी शिकवलं. संगीतपटांतलं मला जे काही कळतं ते त्यांचं आहे."

माझ्या चिमटीतलं बी कुठं पडलं ते मला दिसलं नाही.

"काय झालं वो काकू?" शेजारी बसलेली बाई म्हणाली.

"काय न्हाय. ती बाई म्हंतीया ना, डोअरकीपर. त्ये माझं वडील."

"आगं बया! काकूंचं वडील मोबाइलात आलं की!"

सगळ्याजणी हरखल्या. सुनेनं व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला आणि म्हणाली, "आई, आबा असं बोलायचे हे तुम्ही कधी सांगितलंच नाहीत." कशी सांगणार होते? मला माहीतच नव्हतं. तुमचं ते वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, तुमच्यामागं इतक्या वर्षांनी, दुसरीच्या तोंडून, कोपरापर्यंत हात मळलेले असताना.

घरी तुम्ही बोलायचाच नाहीत, आबा. तक्रार म्हणून सांगत नाही, तसं होतं एवढंच. शेवटचा खेळ सुटल्यावर तुम्ही यायचा तेव्हा आम्ही झोपलेलो असायचो आणि आम्ही शाळेला निघायचो तेव्हा तुम्ही झोपलेले असायचा. जाग आली तर "पानी आन", "दार लोटून घे", "शाळंत गेलतीस का", एवढ्यात सगळं संपायचं. पिक्चरबद्दल तर एक अक्षर नाही. आईनं एकदा विचारलं होतं, "आवं, एवढी गर्दी लोटतीया, काय हाय त्या पिच्चरमधी?" तुम्ही म्हणालात, "गानी हायती." झालं. दिवसभर बसून पीठ मळणाऱ्याला घरी कणकेचं नाव नकोसं वाटतं, तसंच तुमचं असेल असं मी स्वतःची समजूत घालायची. ही समजूत टिकली असती. पण सुट्टीच्या दिवशी मॅटिनीचा डबा पोचवायचं काम माझ्याकडं होतं, आणि पायऱ्यांवर ती बसलेली असायची.

आई चुलीवरून भाकरी उतरवते, अजून वाफ निघत असते तोवर फडक्यात बांधते, वर कालवणाचा डबा ठेवते आणि म्हणते, "पळ, आता इंटरवल व्हईल." मी कालव्याचा पूल ओलांडते, फडक्यातून हाताला चटके बसत असतात, हात बदलत बदलत मी थिएटरपर्यंत येते. खाकी शर्ट, काखेत बॅटरी, खिशात फाडलेल्या तिकिटांचे तुकडे, असे तुम्ही पायरीवर बसलेले. आणि शेजारी ती. डॉक्टरांचं घर थिएटरच्या मागंच होतं, मालकांचं आणि त्यांचं जाणं-येणं होतं, त्यामुळं तिला तिकीट लागायचं नाही. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, कमरेला पट्टा असलेला फ्रॉक. ती विचारायची, "काका, आज चौथ्या गाण्याला किती लोक बाहेर गेले?" आणि तुम्ही खरोखर बोटांवर मोजायचा.

"धा-बारा गेलं आसतील. आज बाजार हाय, वडगावची, कऱ्हाटीची मंडळी आल्याती. त्यांस्नी दुखाचं गानं सोसत न्हाय."

"मग चौथं गाणं वाईट आहे का?"

"वाईट न्हवं. जागा चुकलीया त्याची. म्होरं पायजे व्हतं."

आणि तुम्ही हसायचा. तुमच्या वरच्या दातांत एका बाजूला फट होती हे मला तिच्यामुळं कळलं. घरी ती फट दिसावी इतकं तुम्ही कधी हसला नव्हता.

एका रविवारी मला डबा आणायला उशीर झाला. इंटरवल संपून पिक्चर पुढं गेला होता, तुम्ही डबा घेतलात आणि कुणीतरी बोलावलं म्हणून गडबडीत गेलात, मी दाराच्या पडद्याआड उभी राहिले. त्या दिवशी मी शेवट पाहिला. नावाडी म्हातारा आहे, नाव पाण्यात आहे, मुलीचा सोबती पलीकडच्या गावाला कायमचा निघालाय, नावेत बसलाय, हात पुढं करतोय. ती काठावर उभी. गाणं सुरू होतं तेव्हा पहिल्या कडव्याला एकही वाद्य नाही, नुसता आवाज. आख्खं थिएटर गप्प. तुम्ही कधी येऊन मागं उभे राहिलात मला कळलं नाही. मी म्हणाले, "आबा, ती नावंत का बसत न्हाय? जागा हाय की मोकळी. येडी हाय का ती?"

"गप," तुम्ही म्हणालात. "तुला काय कळतंय त्यातलं? जा घरी. आई वाट बघत आसंल."

शेवटच्या खुर्च्यांवरच्या दोन बायकांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मी गेले. एवढंच झालं असतं तर मी ते विसरलेही असते, मुलांना काय कमी बोलणी बसतात. पण पुढच्या रविवारी मी वेळेवर डबा घेऊन आले, तुम्ही भाकरी मोडलीत, आणि तिनं विचारलं, "काका, नावेत जागा होती ना? मग ती का नाही बसली?"

माझाच प्रश्न, आबा. तिनं फक्त शुद्ध भाषेत विचारला.

तुम्ही हातातला घास परत ठेवलात. "आता बग," म्हणालात, "बाप म्हातारा हाय. पोरगी त्या पोरासंगं गेली, तर त्यांस्नी पल्याड सोडून म्हातारा रिकामी नाव घिऊन यकटाच माघारी येनार. त्यो माघारी येताना काठावर कुनी तरी दिसाय नगं व्हय त्याला? म्हनून ती ऱ्हाती." ती "हं" म्हणाली आणि विचार करत बसली. तुम्ही तिच्या तोंडाकडं बघत होता, तिला पटलं का ते बघत होता. मी कालवणाच्या डब्याचं झाकण हातात धरून तिथंच उभी होते. तुमचं जेवण अर्धं राहिलं आणि घंटा झाली.

पुस्तकाचं तेवढं सांगते आणि त्या दिवसांचा नाद सोडते. गाण्यांची पुस्तकं मिळायची, गुलाबी पातळ कागदाची, आत सगळी नऊ गाणी. मी मागितलं तेव्हा "संपली" म्हणालात. दोन दिवसांनी ते तिच्या हातात होतं, तुम्ही बुकिंगवाल्याच्या कपाटातून शोधून काढून दिलेलं. मला तुम्ही फाटलेल्या तिकिटांचे तुकडे आणायचा, पिशवी भरून, दुकान-दुकान खेळायला. तोवर ते मला फार आवडायचे. त्या दिवशी मी ती पिशवी कालव्यात सोडून दिली. तुम्ही नंतर दोनदा विचारलंत, "तिकिटं कुठं गेली गं?" मी सांगितलं, उंदरानं खाल्ली.

मग माझं लग्न झालं, मी इकडं आले, पाणी आलं-गेलं, मुलं झाली, तुम्ही गेलात. मधल्या वर्षांत ती मला आठवली नाही असं म्हणवत नाही, पण कामापुढं आठवण मागं पडते. आता तो व्हिडिओ लागला नि ती थेट शेडनेटखाली येऊन बसली.

सुनेनं तिला शोधून काढलं. ती पुण्यात असते, जुन्या गाण्यांच्या पिक्चरवाल्यांचा एक मोठा ग्रुप ती चालवते. नव्या पिक्चरवरून तिथं जी भांडणं चाललेली, ती तुम्ही बघायला हवी होती. एकाचं म्हणणं, नऊची पाच गाणी केली म्हणजे अंगठा आणि तीन बोटं तोडून हात सुंदर दिसतो म्हणण्यासारखं आहे. दुसरा म्हणे, आजच्या माणसाला नऊ गाणी बसून ऐकायला वेळ कुठं आहे, उगाच जुन्याचे पोवाडे गाऊ नका. कुणाला नव्या नटीच्या गळ्यावर शंका, कुणाला रंगांवर. एक आजोबा होते, त्यांनी लिहिलं की अहो, तुम्ही ज्याला मूळ म्हणता तो पिक्चरही मूळ नव्हे, ते आधी संगीत नाटक होतं, त्यात बावीस पदं होती. पिक्चरवाल्यांनी बाविसाची नऊ केली तेव्हा ह्या आजोबांचे वडील इतके चिडले की थिएटरच्या रस्त्यानं जायचं त्यांनी सोडलं. हे वाचून मी पुष्कळ हसले. त्यावर तीन दिवस भांडण झालं.

मी फोनवर जुना पिक्चर पाहिला. पहिल्यापासून. आबा, मी तोवर त्याचा पहिला अर्धा भाग पाहिलाच नव्हता, डबा इंटरवलला पोचायचा ना. नावाड्याची बायको पहिल्याच गाण्यात वारते हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. मग मी त्या ग्रुपमध्ये शिरले. स्वतःच्या नावानं नाही. मिरचीच्या फुलाचा फोटो लावला आणि लिहिलं, "शेवट बदलला ते चांगलं केलं. नावेत जागा होती. बसू दे की तिला."

तिनं स्वतः उत्तर दिलं. "आपण मूळ चित्रपट पाहिला आहे का? नायिका वडिलांसाठी थांबते. म्हातारा रिकामी नाव घेऊन एकटा परतणार, त्याला काठावर कुणीतरी दिसायला हवं. शेवट बदलला की चित्रपटाचा प्राण जातो."

तुमचा घास ठेवून दिलेला हात मला दिसला. माझ्या बापाचं वाक्य ती मला समजावून सांगत होती. मी लिहिलं, "पाहिला आहे. दारातून." ती म्हणाली, "दारातून म्हणजे?" मी फोन पालथा ठेवला आणि चार दिवस त्या ग्रुपकडं फिरकले नाही. पाचव्या दिवशी सुनेनंच सांगितलं, पिक्चर लागलाय, ग्रुपची माणसं बारामतीला मिळून बघणार आहेत, मॅडम येणार आहेत, चला. मी म्हणाले, मला रोपं आहेत. ती म्हणाली, रोपं कुठं पळून चाललीत?

तुमचं थिएटर आता नाही. तिथं लग्नाच्या कपड्यांचं तीन मजली दुकान आहे. नवीन थिएटर गावाबाहेरच्या बाजूला, सरकत्या जिन्यानं वर जायचं. तिकीट कुणी फाडत नाही, फोन दाखवायचा, एक मुलगी त्यावर लाल उजेड पाडते आणि "थँक्यू मॅम" म्हणते. मी कडेची खुर्ची घेतली. पिक्चर चालू झाला आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मी पडद्याकडं कमी आणि दाराकडं जास्त बघतेय. दुसऱ्या गाण्याला चौघं बाहेर गेले. तिसऱ्याला एक बाई लेकराला घेऊन. शेवटच्या गाण्याला पहिल्यापासूनच वाद्यं होती, शंभरएक तरी असतील, छातीत धडधडत होतं. आणि ती पोरगी पदर खोचून पाण्यात उतरली आणि नावेत चढली. म्हाताऱ्यानंच वल्हं त्या पोराच्या हातात दिलं, स्वतः काठावर उतरला आणि नाव ढकलली. लोकांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या पडल्या. सून माझा हात दाबत होती. चाळीस वर्षांपूर्वी मी जे मागितलं होतं ते समोर घडत होतं. मला मात्र काठावर उरलेला म्हातारा बघवेना. मी पदरानं तोंड झाकून रडले. तुम्ही सांगितलेलं खरं होतं, आबा. पण ते मला नव्हतं ना सांगितलं.

खाली हॉटेलात टेबलं जोडून सगळे बसले. चहा आला आणि वाद पेटला. एक मास्तर म्हणत होते, पहिलं कडवं वाद्यांशिवाय होतं त्यातच सगळी गंमत होती, ह्यांनी घाबरून वाद्यं भरली, शांततेला भितात ही माणसं. एक तरुण मुलगी तावातावानं म्हणाली, "पण सर, थांबायचं ते दरवेळी मुलीनंच का?" डॉक्टरांची मुलगी दोघांचं ऐकून घेत होती. कापलेले पांढरे केस, जाड भिंगं. मी कोपऱ्यात चहा पिऊन निघायच्या बेतात होते, तेवढ्यात सून उठून सरळ तिच्यापाशी गेली. "मॅडम, ह्या आमच्या सासूबाई. तुमच्या डोअरकीपर काकांची मुलगी."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "डबा."

मी हातातला कप खाली ठेवला.

"तू डबा घेऊन यायचीस. फडक्यात बांधलेला. हात बदलत बदलत." तिनं माझे दोन्ही हात धरले. 'दारातून' लिहिणारी मीच, हे तिला तेव्हाच कळलं असावं, पण ती तसं बोलली नाही. म्हणाली, "तुला एक सांगू? मला फार राग यायचा तुझा. तू डबा देऊन निघालीस की काका माझं बोलणं अर्ध्यात सोडून उठायचे. दारात जाऊन उभे राहायचे. तू कालव्याचा पूल ओलांडून दिसेनाशी होईपर्यंत. मग येऊन बसायचे आणि मी काय विचारलं होतं ते विसरलेले असायचे."

आजूबाजूची माणसं हळहळली. सुनेनं डोळे पुसले. मलाही रडू यायला हवं होतं, सगळ्यांना तसंच वाटत होतं. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात पुन्हा तीच कळ आली, पहिल्याहून मोठी. तुम्ही माझ्याकडं बघत उभे राहायचा हेही तिनंच पाहिलं. माझी पाठ होती. मी एकदाही वळून पाहिलं नव्हतं. तुमच्या मायेची माझ्या वाट्याची जी काही गोष्ट होती, तीसुद्धा इतकी वर्षं तिच्याकडं ठेवलेली होती, आणि आता ती मला देत होती, सगळ्यांसमोर, चहाच्या टेबलावर.

मग तिनं विचारलं, "घरी काय म्हणायचे गं ते या पिक्चरबद्दल? मला पायरीवर जेवढं मिळायचं तेवढंच. तुला तर कितीतरी सांगितलं असेल."

मास्तर माझ्याकडं वळले. ती तरुण मुलगी पुढं झुकली. दोघांनी फोन वर धरले. आबा, इतकी माणसं माझ्या तोंडाकडं बघतायत असं माझ्या लग्नातही झालं नव्हतं. मला म्हणता आलं असतं, काही नाही म्हणायचे. "गानी हायती" एवढंच म्हणाले होते. खरं तेच होतं. पण समोर ती होती, मऊ नजरेनं वाट बघत, आणि मला कळत होतं की हे सांगितलं तर आपण कायमचे हरलो. माझ्या तोंडून निघून गेलं, तुमच्या आवाजात, तुमच्या बोलीत:

"आबा म्हनायचं, उद्या कुनी ह्यो पिच्चर परत काढला तर काढू द्या. मानसं कुठल्याबी दारानं येऊ द्यात. आत आल्यावर गप बसली म्हंजे झालं."

मग मास्तरांनी टेबलावर हात आपटला, "वा!" आजोबा, ते बावीस पदांवाले, तेही आले होते, त्यांनी चष्मा काढला. आणि ती, आबा, ती रडली. म्हणाली, "अगदी काकाच. अगदी तेच बोलतायत असं वाटलं."

गाडीत सून म्हणाली, "आई, हे पण कधी सांगितलं नव्हतंत." मी म्हणाले, आठवलं मध्येच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या मुलीनं ते ग्रुपवर घातलं. 'बारामतीचे डोअरकीपर काका घरी मुलीला सांगायचे', असं वर लिहून. दोन्ही बाजूच्या लोकांनी ते उचललं. जुन्याच्या बाजूचे म्हणाले, बघा, "गप बसली" म्हणालेत, म्हणजे शांतता महत्त्वाची. नव्याच्या बाजूचे म्हणाले, बघा, "काढू द्या" म्हणालेत. कुणीतरी दाराच्या चित्रावर अक्षरं टाकून ते फिरवलं. चार दिवसांनी ते आमच्या रोपवाटिकेत बी टाकणाऱ्या बाईच्या जावयाकडून तिच्या फोनवर आलं आणि तिनं मलाच वाचून दाखवलं. "काकू, तुमच्या वडलांनी काय बोललंय बगा!" मी ट्रे पुढं ओढला. मला सांगावंसं वाटत होतं, बाई, ते माझं आहे. आयुष्यात मी पहिल्यांदा असं काही बोलले की चार माणसांनी ऐकून घेतलं, आणि तेही तुमच्या नावावर गेलं. आता मला तुमचाही हेवा वाटायला लागलाय. काय करावं, सांगा.

हे सगळं मी वहीत लिहितेय आणि लिहिताना एक विचार आला की तुमचा तर पत्ता नाही, मग हे तिलाच पाठवावं. तुम्ही काय बोलला असता आणि काय नसता, हे ओळखणारं दुसरं कोण उरलंय? पण नाही पाठवणार. कारण काल सकाळी तिचा फोन आला होता. ती तुमच्यावर मोठा लेख लिहितेय. "अजून काही आठवतं का गं काकांचं?" असं तिनं विचारलं. मी म्हणाले, आठवतं की. आणि थोडा वेळ थांबून, आठवल्यासारखं करून, तिला दुसरं वाक्य दिलं. "आबा म्हनायचं, दारात उभं ऱ्हानाऱ्याला पिच्चर अर्धाच दिसतो, पन मानसं सगळी दिसत्यात." आदल्या दिवशी रोपांना पाणी देताना मीच जुळवून ठेवलं होतं ते.

पलीकडं तिनं ते लिहून घेतलं. मग म्हणाली, "हो गं. हे मलाही म्हणाले होते एकदा. पायरीवर. मला आठवतंय."

मी "हो का" म्हणाले आणि फोन ठेवला. वाक्य माझं होतं, आबा, अक्षर न् अक्षर माझं. आणि तरीही उभ्या उभ्या मला वाटून गेलं, की म्हणाला असाल. तिलाच म्हणाला असाल.